माक्याचं तेल काढण्याआधी

गेल्या श्रावणात अर्धा लिटर तेल बाराव्या दिवशी ओतून द्यावं लागलं, म्हणून यंदा आधीच लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी फडकं. गाळायचं सुती फडकं आदल्या दिवशीच धुऊन वाळत घाला. साताऱ्याच्या पावसात दोरीवरचं फडकं दोन दिवसांनीही दमट असतं. हाताला वाळल्यासारखं वाटतं, पण गालाला लावलं की गार लागतं. गार लागलं म्हणजे ओलं. इस्त्री फिरवा.

माका कालव्याच्या कडेचा, बारीक पांढऱ्या फुलांचा. बागेत पसरतो तो पिवळ्या फुलांचा वेगळा, तो नको. पान चुरडलं की थोड्या वेळात बोटं काळपट पडली पाहिजेत. उसाच्या बांधावरचा घेऊच नका, तिथं तणनाशक मारतात आणि ते पानावर दिसत नाही. धुवायचा, हे सांगायला नको.

जुनं प्रमाण माक्याच्या पाल्याचं वाटण 1, तेल 4, पातळ 16. म्हणजे घाण्याचं खोबरेल 500 मिली, वाटण 125 ग्रॅम, माक्याचा रस आणि पाणी मिळून 2 लिटर. पाणी थोडं कमी झालं तर चालेल, वाटण वाढवू नका, तळाला धरतं. जास्वंदीची फुलं पाच-सहा पुरे, त्यांचा बुळबुळीतपणा पाणी सोडत नाही. कढई 5-6 लिटरची हवी. ऐवज अडीच लिटर असला तरी फेस वर चढतो, आणि तेल उतू जाऊन गॅसवर पडलं तर पेट घेतं. मोठी कढई नसेल तर शेजारून आणा, नाहीतर त्या दिवशी करू नका. पोरांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

आच मंद, 3 तास तरी धरून चाला. आधी खदखद, मग बारीक तडतड, मग आवाज बसत जातो. तेव्हा तळातलं वाटण चिमटीत घेऊन, जरा निवू देऊन त्याची वात वळा आणि चिमट्याने विस्तवावर धरा. चटचट वाजली तर पाणी आहे, अजून कढवा. गुपचूप जळली तर उतरवा. तेल झालं की फेस येतो, तूप कढवताना उलट, तिथं फेस मोडतो. आमच्या आत्याबाई वात जाळल्याशिवाय कढई उतरू द्यायच्या नाहीत. मीही वात जाळली, नीट जळली, आणि मग दमट फडक्यातून गाळलं. वर घट्ट पिळलं. फडक्यातली सगळी ओल तेलात गेली. आठव्या दिवशी बरणीच्या तळाशी पांढुरका थर, बाराव्या दिवशी कुबट वास. 3 तास राखलेली आच एका फडक्यानं वाया घालवली. फडकं कोरडं हवं, अगदी कोरडं.

बरणी, झाकण, नरसाळं, चमचा, तेही कोरडे. बरणी रुंद तोंडाची, खोबरेल 24 अंशांखाली गोठतं. कोमट असताना गाळा, पूर्ण निवल्यावर झाकण लावा, नाहीतर वाफेचं पाणी आत पडतं. तारखेची चिठ्ठी. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा.

आणि गॅस पेटवण्याआधी ते फडकं पुन्हा एकदा गालाला लावून बघा.