मुलांच्या पाठीचा बाक: घरी कसा ओळखायचा, पुढे काय करायचं

मुलाला उघड्या पाठीने, पावलं जुळवून, गुडघे ताठ ठेवून उभं करा. तळहात जोडून कमरेतून सावकाश पुढे वाकायला सांगा आणि मागे बसून पाठीच्या पातळीत डोळे आणून पाहा. बरगड्यांची किंवा कमरेची एक बाजू उंच दिसली, तर कणा वाकण्याबरोबर पिळला गेला असण्याची शक्यता आहे. स्कोलिओसिसची, म्हणजे कणा बाजूला वाकण्याच्या या विकाराची, खरी खूण हा पीळच. नुसतं पोक काढणाऱ्या मुलाची पाठ वाकल्यावर दोन्हीकडे सारखी दिसते. एक पाय आखूड असला तरी उंचवटा दिसतो, पण बसवून वाकवलं की तो जातो.

10 ते 15 वर्षं या वयात उंची झपाट्याने वाढते तेव्हा बाकही वाढतो. म्हणून तेव्हा दर सहा महिन्यांनी पाहा. दुखत नाही म्हणून थांबू नका, बहुतेकांना दुखत नाहीच. दप्तराला किंवा बसण्याच्या सवयीला दोष देऊन मुलाला बोलू नका. त्यांनी स्कोलिओसिस होत नाही.

डॉक्टर उभ्याने एक्स-रे काढून कॉब कोन, म्हणजे बाक किती अंशांचा आहे ते, मोजतात. 10 अंशांपासून पुढे स्कोलिओसिस. मोजणीतच 5 अंशांपर्यंत फरक पडतो, तेव्हा दोन-तीन अंशांनी घाबरू नका. वाढत्या वयात साधारण 25 अंशांपर्यंत लक्ष ठेवतात, 25 ते 45 च्या दरम्यान ब्रेस (धडाभोवती घालायचा कडक आधार) देतात, त्यापुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो.

ब्रेस बाक घालवत नाही, वाढू देत नाही. फायदा तासांवर ठरतो: साधारण 18 तास सांगितलेले असतात, आणि रोज 13 तासांपेक्षा कमी घातला तर परिणाम बराच घटतो. आत शिवण नसलेला, चुण्या न पडणारा सुती बनियन घाला. क्रीम लावू नका, कातडी मऊ पडून सोलवटते. ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर तो दुरुस्त करून घ्या. पट्टे सैल करणं हा उपाय नव्हे, कारण त्याने दाबच जातो. बाकानुसार शिकवलेले व्यायाम जोडीला चांगले, ब्रेसऐवजी नाहीत. मालिशने कणा सरळ होत नाही.

रात्री झोपमोड करणारं दुखणं, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवीवर ताबा नसणं, 10 वर्षांच्या आत दिसलेला बाक: यांपैकी काहीही असेल तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एमआरआय लागू शकतो.