होलोकॉस्ट शिकवताना: सुरुवात पासपोर्टपासून करा

नववी-दहावीत होलोकॉस्टचा, म्हणजे नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या संहाराचा, विषय निघाला की बहुतेक शिक्षक थेट आउश्वित्झच्या मृत्युछावणीला पोचतात. वायुकोठड्या, हाडांचे सापळे झालेली माणसं, मारल्या गेलेल्या ६० लाख ज्यूंचा आकडा. मुलं हादरतात आणि ‘हिटलर वेडा होता’ एवढंच लक्षात ठेवतात. हे घडलं कसं, हा प्रश्न मागेच राहतो. म्हणून ३५ मिनिटांच्या सलग तीन तासिका मागून घ्या आणि पहिली तासिका फक्त कागदपत्रांना द्या.

त्याआधी दहा मिनिटांत दोन गोष्टी उरकाव्या लागतात. पहिली, ज्यू म्हणजे कोण. कोकणातल्या बेने इस्रायलींपासून सुरू करा: घरात मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर, पूर्वी तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’. दुसरी, स्वस्तिक. आपल्या उंबऱ्यावरचं चिन्ह हजारो वर्षं जुनं आहे; नाझींनी लाल झेंड्यावर, पांढऱ्या वर्तुळात तिरपं काढलेलं काळं चिन्ह जर्मनीत ‘हाकेनक्रॉइत्झ’ म्हणून ओळखलं जाई. हे आधी सांगितलं नाही, तर पहिला झेंडा दिसताच वर्ग तिकडेच वळतो आणि तासिका संपते.

मग पासपोर्ट. आपले पासपोर्ट नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापले जातात, त्यामुळे इथल्या, नाशिकच्या मुलांना तो कागद परका नाही. विचारा, ही पुस्तिका माणसाला काय देते? उत्तरं फळ्यावर लिहून झाली की सांगा: ५ ऑक्टोबर १९३८ रोजी जर्मनीने तिथल्या ज्यूंचे पासपोर्ट रद्दबातल ठरवले. लाल शाईतला ‘जे’ हा शिक्का बसल्यावरच ते पुन्हा ग्राह्य धरले जात.

आता ६० मुलांचे आठ गट करा. प्रत्येक गटाला सात पट्ट्या द्या, तारखा न छापता. एका ए-फोर कागदात एक संच बसतो. सरकारी नोकरीतून बडतर्फी (एप्रिल १९३३). नागरिकत्वाचे हक्क काढले (सप्टेंबर १९३५). नावापुढे सक्तीने ‘इस्राएल’ किंवा ‘सारा’ जोडण्याचा हुकूम (ऑगस्ट १९३८). पासपोर्टवर शिक्का. सरकारी शाळांतून मुलांची हकालपट्टी (नोव्हेंबर १९३८). कपड्यावर पिवळा तारा (जर्मनीत सप्टेंबर १९४१). देश सोडायला बंदी (ऑक्टोबर १९४१). मुलांनी क्रम लावायचा. पिवळा तारा बहुधा सर्वांत आधी ठेवला जातो, कारण चित्रांत तोच पाहिलेला असतो. तारखा उघड केल्यावर एकच प्रश्न विचारा: प्रत्येक पट्टीसाठी सही कुणी केली, यादी कुणी टाइप केली, शिक्का कुणी मारला? या प्रश्नाला पूर्ण दहा मिनिटं द्या. सगळा धडा इथे उभा राहतो.

दुसऱ्या तासिकेत युरोपचा नकाशा हवाच. १९३३ मध्ये जर्मनीत ज्यू सुमारे ५ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी. मारले गेलेले बहुसंख्य जर्मन नव्हतेच. एकट्या पोलंडमधले जवळपास ३० लाख होते. सगळ्या छावण्यांना ‘छळछावणी’ म्हणू नका. १९३३ पासूनचं डाखाऊ ही छळछावणी, तर ट्रेब्लिंका मारण्यासाठीच उभारलेलं ठिकाण. आणि लाखो लोक छावणी न पाहताच गेले: कीव्हजवळच्या बाबी यार इथे २९-३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. बर्लिनमधल्या वान्झे इथे झालेल्या नाझी अधिकाऱ्यांच्या बैठकीत (२० जानेवारी १९४२) हत्येचा निर्णय झाला, असं सांगणं चूक आहे. पोलंडमधल्या चेल्म्नोत विषारी वायूने मारणं डिसेंबर १९४१ मध्येच सुरू झालं होतं.

६० लाख समजावायला तांदळाचे दाणे मोजू नका. माणसांचे दाणे होतात. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख होती, सुरगाण्यापासून नांदगावपर्यंत सगळी धरून. एवढं सांगा आणि क्षणभर थांबा. प्रेतांचे फोटो दाखवू नका. छळाचे कितीतरी फोटो मारेकऱ्यांच्याच बाजूने काढलेले आहेत. त्याऐवजी याद वाशेम या इस्रायलमधल्या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेच्या संकेतस्थळावरून युद्धाआधीचा एखादा कौटुंबिक फोटो घ्या. ‘तू ज्यू, तू नाझी’ असं नाटुकलं तर मुळीच नको. मुलं हसतात, नाहीतर एखादं मूल खरंच घाबरतं, आणि दोन्हींत शिकणं होत नाही.

तिसरी तासिका प्रतिकाराची आणि प्रश्नांची. वॉर्सा घेट्टोतला, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतला, उठाव (१९ एप्रिल १९४३) आणि डेन्मार्कमधून बोटींनी स्वीडनला पोचवलेले सुमारे ७,२०० ज्यू, हे दोन्ही सांगा.

‘पण हिटलरने शिस्त आणली ना?’ हे कुणीतरी विचारणारच. ओरडू नका. पट्ट्या पुन्हा हातात द्या आणि विचारा, शिस्त कुणासाठी?

दुसरा प्रश्न याहून मोलाचा: ‘हे आपल्याकडच्या अस्पृश्यतेसारखंच का?’ काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी याच शहरात सुरू झाला. हा प्रश्न टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. जन्मावरून माणसाची जागा ठरवणं आणि दारं बंद करणं हे साम्य दाखवा. फरकही तितकाच स्पष्ट करा: नाझी राजवटीला प्रत्येक ज्यूला संपवायचं होतं, जातिव्यवस्थेने माणसांना पिढ्यान्‌पिढ्या खाली ठेवून राबवून घेतलं. दुःख कुणाचं मोठं, हा वाद वर्गात सुरू होऊ देऊ नका.

शेवटची दहा मिनिटं प्रत्येकाकडून एक निनावी प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या. शनिवारची शेवटची तासिका यासाठी घेऊ नका. मुलं तशीच घरी जातात, आणि चिठ्ठ्यांना उत्तर द्यायला सोमवार उजाडतो.