फक्त सिंकचा नळ कोरडा, बाथरूमला पाणी: गोठलेला पाइप असा मोकळा केला

बर्फाच्या प्रदेशातली आमची ही पहिलीच पोस्टिंग. क्वार्टरमध्ये येऊन आठवडाही झाला नव्हता, नवरा ड्यूटीवर, आणि उणे 12 अंशांच्या रात्रीनंतर सकाळी सिंकचा नळ कोरडा. बाथरूमला पाणी होतं. म्हणजे मेन लाइन ठीक, बाहेरच्या भिंतीलगतचा पाइपच गोठलेला.

नळावर गरम पाणी ओतलं, उपयोग शून्य. हीटर वाढवला, पण सिंकखालच्या कपाटाची दारं बंदच! मग हेअर ड्रायर भिंतीकडून लावला, तासभर वाया. अगदी रडकुंडीला आले.

शेवटी हा क्रम चालला. आधी मेन व्हॉल्व्ह शोधून तो फिरतोय ना, हे पाहिलं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि पाइप तडकलाय हे बर्फ वितळल्यावरच कळतं; तेव्हा या व्हॉल्व्हने घराचं पाणी लगेच बंद करता यायला हवं. मग नळ पूर्ण उघडला, कपाट रिकामं करून दारं सताड उघडली. ड्रायर नळाच्या बाजूने सुरू करून, सतत हलवत, हळूहळू भिंतीकडे नेला. वितळलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट हवी. (मेणबत्ती, गॅसची ज्योत अजिबात नको.) 40 मिनिटांनी नळ फुसफुसला, थुंकला, मग धार आली. ती तशीच चालू ठेवून टॉर्चने सगळे सांधे तपासले.

आता पाइपावर फोमचं वेष्टण आहे, आणि कडाक्याच्या रात्री कपाट उघडं, नळाची बारीक धार चालू.