कॅटमधले लॉगचे प्रश्न: आधी डोमेन लिहा, मग सोडवा

आपल्या स्टेट बोर्डातून बारावी केलेल्यांसाठी खास लिहितेय. आपल्या डोक्यात लॉग म्हणजे केमिस्ट्रीच्या पेपरला लागायचं ते लॉग टेबल, पण कॅटला, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेला, त्याचा काही उपयोग नाही आणि स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर पण साधाच, त्यात लॉगचं बटणच नसतं.

फॉर्म्युले चार-पाचच, ते पाठ होतात पटकन. खरी गोम डोमेनमध्ये, म्हणजे एक्सच्या कुठल्या किमती चालतात त्यात आहे. प्रश्न दिसला की रफ पेपरवर आधी हे लिहायचं: ज्याचा लॉग घेतोय ते शून्यापेक्षा मोठं, बेस पण शून्यापेक्षा मोठा, आणि बेस १ नाही.

हे बघा, लॉग एक्स + लॉग (एक्स − २) = ३, दोन्हीकडे बेस २. एकत्र केलं की एक्स(एक्स − २) = ८, म्हणजे ४ किंवा −२, पण एक्स २ पेक्षा मोठाच हवा हे आधी लिहिलेलं असलं की −२ लगेच कटाप. आता याच्या उलट, बेस ३, एक्सच्या वर्गाचा लॉग = ४. हात सवयीने घात पुढे आणतो, २ लॉग एक्स लिहितो, ९ मिळतो आणि −९ गायब! ते तर बरोबर उत्तर आहे, कारण वर्ग ८१ च येतो. म्हणजे एकीकडे खोटं उत्तर घुसतं, दुसरीकडे खरं हरवतं, आणि 'किती रिअल सोल्युशन्स' असं विचारून उत्तर टाइप करायला लावलं की ऑप्शनचा पण आधार नाही.

इनइक्वालिटीत बेस १ पेक्षा लहान असला तर चिन्ह फिरतं. बेस १/२, लॉग (एक्स − १) > २, म्हणजे एक्स − १ हे १/४ पेक्षा लहान, शिवाय शून्यापेक्षा मोठं, म्हणून एक्स १ आणि ५/४ च्या मधे. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात.

माझं ऑफिस ऐरोलीला, ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गर्दीत वही कुठली काढणार, म्हणून लोकलमध्ये तोंडी बेस बदलायची प्रॅक्टिस करायचे. बेस ४ ला ८? दीड. बेस २७ ला ९? २/३. बेस १/२ ला ८? −३. याने स्पीड खरंच वाढतो, करून बघाच. बेस १० ला लॉग २ = ०.३०१० हे पण लक्षात ठेवा, २ चा १०० वा घात किती अंकी विचारलं तर १०० ने गुणून ३०.१०, त्यातल्या ३० मध्ये १ मिळवून ३१ अंकी, झालं.

लेखी गणितं मात्र अभ्यासिकेत शांत बसून करा, आणि मॉक झाल्यावर लॉगचं उत्तर बरोबर आलं असलं तरी रफ पेपर उघडून डोमेन लिहिलं होतं का ते बघा.