टोरांटोतला पहिला हिवाळा : कपडे, खरेदी आणि त्वचेची निगा

कॅनडातल्या टोरांटो, मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टन येथे सप्टेंबरच्या सुमारास दाखल होणाऱ्या मराठी स्त्रियांच्या सामानात पुण्या-मुंबईहून घेतलेले जाड स्वेटर, शाली आणि कानटोप्या हमखास असतात. ऑक्टोबरच्या सकाळी त्यांचा उपयोग होतो. मात्र जानेवारीत बसथांब्यावर वारा सुटला की तो लोकरीच्या विणीतून आरपार जातो, कारण येथे उबेइतकीच वारा अडवणाऱ्या कापडाचीही गरज असते. म्हणून बॅगेतली जागा हिवाळी कपड्यांत अडकवू नये, कोट आणि बूट येथेच घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या वर्षी हात सैल सोडायचा असेल, तर तो या दोनच वस्तूंसाठी सोडावा. कोट गुडघ्यापर्यंत पोहोचणारा, टोपी असलेला आणि मनगटाशी आतून विणलेली पट्टी असलेला असावा, म्हणजे वारा बाहीत शिरत नाही. 5 फूट 4 इंचांपेक्षा कमी उंची असलेल्यांनी 'पेटीट' मापे पाहावीत. एरवी बाह्या बोटांवर येतात आणि खांदे ओघळतात. बूट जाड मोज्यांसकट घालून पाहावेत व लागल्यास अर्धे माप मोठे घ्यावेत. रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून टाकलेले मीठ बुटांच्या चामड्यावर पांढरे डाग पाडते. पाण्यात थोडे व्हिनेगर घालून ते त्याच संध्याकाळी फडक्याने पुसून काढावेत. अंगालगतचा थर सुती नसावा, कारण सुती कापड घाम धरून ठेवते आणि मग अंग गारठते. मेरिनो लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे थर्मल घ्यावेत. व्हँकुव्हरला जाणाऱ्यांचे गणित निराळे आहे : तेथे जाड कोटापेक्षा चांगला रेनकोट अधिक कामाचा ठरतो.

दुकानांचे ऋतू हवामानाच्या पुढे धावतात. ऑगस्ट सरत नाही तोच कोट टांगले जातात आणि फेब्रुवारीत बाहेर बर्फ साचलेला असताना काचेआड फुलाफुलांचे फ्रॉक दिसू लागतात. नोव्हेंबरअखेरचा ब्लॅक फ्रायडे आणि 26 डिसेंबरचा बॉक्सिंग डे या सवलतींच्या दिवसांचा गाजावाजा मोठा असतो. परंतु हिवाळी मालावर घसघशीत सूट बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत मिळते, आणि तोवर लहान मापे संपलेली असतात. त्यामुळे पहिला कोट थंडीपूर्वीच घ्यावा आणि पुढच्या वर्षीची खरेदी मात्र फेब्रुवारीत करावी. विनर्स आणि मार्शल्समध्ये नामांकित कंपन्यांचा माल कमी किमतीत मिळतो, पण तेथे हवे ते माप असेलच असे नाही. चांगल्या बुटांसाठी 'मार्क्स' हे दुकान पाहावे. जुनी मंडळी अजूनही सवयीने हडसन्स बेचे नाव सांगतात. 1670 साली स्थापन झालेल्या त्या कंपनीची दुकाने 2025 मध्ये बंद झाली. वापरलेले कपडे घेण्याचा संकोच नसेल (नसावा, असे मला वाटते), तर व्हॅल्यू व्हिलेजमध्ये अवश्य डोकवावे. किमतीच्या चिठ्ठीवर कर धरलेला नसतो; टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोत तो 13 टक्के, तर अल्बर्टा प्रांतात 5 टक्के लागतो. पावती आणि कपड्याची चिठ्ठी आठवडाभर तरी जपावी, कारण न आवडलेली वस्तू परत करण्यात येथे कोणी वाकडे तोंड करत नाही. 'फायनल सेल' असे लिहिलेला माल मात्र सहसा परत घेतला जात नाही.

ऐन थंडीत संक्रांतीचे हळदीकुंकू येते आणि काळी साडी नेसायची हौस कोणालाच आवरत नाही. परकराच्या आत लोकरी लेगिंग आणि ब्लाऊजखाली पूर्ण बाह्यांचे पातळ थर्मल घातले तर काहीच अडत नाही. जाताना बूट घालावेत, चपला पिशवीत न्याव्यात आणि निऱ्यांचा घेर जरा वर खोचून कोटाच्या आत घ्यावा. वाहनतळावरचा खारट चिखल एकदा जरीच्या काठाला लागला की सहजी निघत नाही.

घरातल्या हीटरमुळे हवा इतकी कोरडी होते की ओठ आणि हातांची सांध्यांवरची त्वचा फुटते. खोबरेल तेल ओलावा टिकवायला मदत करते, पण एकट्याने भागत नाही. अंघोळीनंतर अंग किंचित ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सेरामाइड (त्वचेतला ओलावा टिकवणारा घटक) असलेले मलम लावावे आणि अंघोळीचे पाणी कढत नसावे. महागड्या बाटल्यांची गरज नाही : टोरांटोतच सुरू झालेल्या 'द ऑर्डिनरी'ची उत्पादने परवडणारी आहेत. शॉपर्स ड्रग मार्ट या औषधे-प्रसाधनांच्या दुकानात खरेदीवर पीसी ऑप्टिमम या सवलत-योजनेचे गुण (पॉइंट्स) साठतात, तेव्हा तेथे पहिल्याच खेपेस कार्ड काढावे. सनस्क्रीन उन्हाळ्यापुरते ठेवू नये, कारण ताज्या बर्फावरून अतिनील किरणांचा मोठा भाग परावर्तित होऊन चेहऱ्यावर येतो. घेताना वेष्टणावर आठ अंकी डीआयएन किंवा एनपीएन क्रमांक (कॅनडाच्या आरोग्य खात्याने विक्रीस परवानगी दिल्याची खूण) आहे का ते पाहावे.