एका रेषेवर विश्वास ठेवू नका: लेसरने खनिजातली मूलद्रव्यं ओळखताना

लेसरचा स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, खनिजावर मारला की ठिणगी पडते. तिच्या उजेडाचा वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरलेला उजेड, पाहिला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबींवर तेजस्वी रेषा दाखवतं; त्यावरून ते ओळखायचं. पण सगळ्यात आधी गॉगल. एनडी-याग लेसरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग तो थेट दृष्टिपटलावर एकवटतं. त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला गॉगल घातल्याशिवाय मी कुणालाही यंत्राजवळ येऊ देत नाही.

नमुन्याचा ताजा फोडलेला, सपाट भाग निवडा आणि त्याला बोट लावू नका. घामातलं सोडियम ५८९ नॅनोमीटरपाशी लगेच डोकं वर काढतं. किरणाचा केंद्रबिंदू पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवा, नाहीतर खनिजाआधी हवाच पेटते.

एकाच जागी तीसेक स्पंद मारा आणि पहिले पाच सोडून द्या. ते धूळ आणि वरचा थर उडवण्यात जातात. मंगळावरच्या ‘क्युरिऑसिटी’ गाडीवरच्या केमकॅम या अशाच लेसर-यंत्राचे पहिले पाच स्पंदही असेच बाजूला ठेवतात.

ठिणगी पडल्या पडल्या सगळ्याच तरंगलांबींचा सलग उजेड येतो, त्यात रेषा बुडून जातात. म्हणून वर्णपट साधारण एक मायक्रोसेकंद थांबून टिपायचा. तोवर प्लाझ्मा, म्हणजे ठिणगीतला तापलेला वायू, थोडा निवतो आणि अणूंच्या रेषा स्वच्छ उभ्या राहतात.

आता खरं काम. सुरुवातीला मी एका कॅल्साइटमध्ये ॲल्युमिनियम असल्याचं लिहून मोकळा झालो होतो. ३९६ नॅनोमीटरच्या पुढे ठळक रेषा होती, एवढाच माझा पुरावा. ॲल्युमिनियमची रेषा ३९६.१५ वर असते, तर आयनित (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) कॅल्शियमची ३९६.८५ वर. साध्या वर्णपटमापकात त्या एकमेकींत मिसळतात. मी जोडीदार रेषा पाहिलीच नव्हती. ॲल्युमिनियमची जोडी ३९४.४० ला, कॅल्शियमची ३९३.३७ ला. पाहिलं तेव्हा ३९४.४० ला काहीच नव्हतं, आणि ३९३.३७ ला मात्र उंच शिखर. अहवाल दुरुस्त केला. तेव्हापासून निदान दोन-तीन रेषा जुळल्याशिवाय मी मूलद्रव्याचं नाव लिहीत नाही. लोहाला तर इतक्या रेषा आहेत की त्यांच्या गर्दीत हवं ते ‘सापडतं’.

प्रमाण काढायचं असेल तर ज्ञात घटकांचे संदर्भ-नमुने त्याच जातीच्या खनिजाचे घ्या. सिलिकेटवर आखलेला आलेख कार्बोनेटला लावला की आकडे फसवतात, कारण प्रत्येक खनिज लेसरची ऊर्जा वेगळी शोषतं आणि वेगळं झिजतं.

एवढी खटपट मी आनंदाने करतो ती लिथियमसाठी. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राला ते दिसत नाही. इथे मात्र लेपिडोलाइट या लिथियम असलेल्या खनिजाच्या कपचीवर स्पंद पडला की ६७०.८ ला लाल रेषा ताठ उभी राहते. तरीही ६१०.४ ची तिची सोबतीण मी आधी शोधतो.