स्पितीला निघण्याआधी: गाडीतल्या हीटरला डिझेल कुठून द्यायचं?

डिझेल हीटरचं खोकं घेऊन नागपूरच्या वाडीत गेलात की मिस्त्री आधी हसणार. "काऊन भाऊ, कूलर सोडून हीटर?" त्याचंही बरोबर आहे. २०१८च्या डिसेंबरअखेरीस पारा ३.५ अंशांवर उतरला तर आपल्याकडे त्याची बातमी झाली होती. पण जानेवारीत किन्नौरमार्गे स्पितीतल्या काझाला जायचं आणि गाडीतच झोपायचं, तर हीटर लागतो. आणि तो बंद पडतो तेव्हा यंत्रापेक्षा डिझेलच्या वाटेतच खोट निघते, म्हणून तयारी तिथून सुरू करा.

आधी डिझेल कुठून घेणार ते ठरवा. इंजिनाच्या लाइनला टी-जॉइंट मारून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. त्या लाइनमध्ये दाब असतो, टाकीकडे परतणाऱ्या रिटर्न नळीत बुडबुडे असतात, आणि बीएस-६ गाडीच्या वॉरंटीवरही पाणी पडू शकतं. मुख्य टाकीत स्वतंत्र नळी सोडणं हा नीटस मार्ग. फक्त ती तळापर्यंत नेऊ नका. पाव टाकी उरली की हीटरला डिझेल मिळता कामा नये, म्हणजे सकाळी इंजिन तरी सुरू होतं. मला मात्र तिसरा मार्ग पटतो, दहा लिटरची वेगळी टाकी. गाडीची टाकी उतरवावी लागत नाही आणि हीटरपुरतं वेगळं डिझेल भरता येतं. दोन किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला साधारण पाव लिटर पितो, मंद चालला तर त्याच्या निम्म्याहून कमी. रात्रीला दीड लिटर धरा. टाकी झोपायच्या जागेत ठेवू नका, वास जात नाही. झाकणाला हवेचं बारीक भोक आहे ना, तेही बघा. नसेल तर आत पोकळी होऊन पंप नुसता टिकटिकत राहतो.

आता नळी. इथे मी स्वतः आपटलो आहे. पचमढीत पहाटे तीनला हीटर विझला, तासभर टॉर्च घेऊन गाडीखाली. दोष एवढाच की जोडावर नायलॉन नळीची दोन टोकं एकमेकांना भिडली नव्हती, रबराच्या आत बोटभर पोकळी राहिली होती आणि तिथे लाइनने हवा धरली होती. म्हणून टोकं ब्लेडने सरळ कापा, भिडवा आणि मगच क्लॅम्प आवळा. हीटरसोबत येणारी मऊ नळी फेकून कडक, बारीक भोकाची घ्या. पंप टाकीजवळ, त्याच्या आधी फिल्टर. पंप आडवा नको, तिरका किंवा उभा, बाहेर जाणारं तोंड वर, म्हणजे बुडबुडा पुढे निघून जातो. सायलेन्सरपासून नळी लांब ठेवा, हे सांगायला नको.

डिझेल कोणतं, हा प्रश्न नागपूरकराला सुचतच नाही. आपल्या मानकानुसार हिवाळी डिझेलसाठी फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा ६ अंश आहे, उन्हाळी डिझेलला १८. उणे वीसमध्ये त्यातलं मेण गोठून फिल्टर बंद पडणार. इंडियन ऑइलने २०१९मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं डिझेल काढलं ते याचसाठी. त्यामुळे हीटरची टाकी इथून भरून नेऊ नका. चाचणीपुरतं दोन लिटर पुरे. वर पोचल्यावर पंपावर अशा न गोठणाऱ्या डिझेलची चौकशी करून भरा आणि अर्धा तास हीटर चालवून नळीतलं जुनं डिझेल जाळून टाका. मोठ्या टाकीचंही तेच, नागपूरचं डिझेल खालीच संपवा. रॉकेल मिसळायचा सल्ला ढाब्यावर हमखास मिळेल. हीटरच्या पुस्तिकेत मुभा असेल तर त्याच्या टाकीत चालेल, इंजिनाच्या नाही, कारण आजच्या कॉमन रेल इंजिनात जास्त दाबाने डिझेल ढकलणाऱ्या पंपाला डिझेलचंच वंगण मिळतं.

साडेतीन हजार मीटरवर हवा विरळ, डिझेल तेवढंच गेलं तर काजळी धरते. उंचीची सेटिंग असलेला हीटर घ्या, नाहीतर पंपाचे ठोके कमी कसे करायचे ते घरीच शिकून ठेवा. धुराची नळी गाडीबाहेर, आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. यात काटकसर नको.

निघण्याआधी एक अख्खी रात्र अंगणात हीटर चालवा. नागपुरात थर्मोस्टॅट लगेच बंद करेल, म्हणून दारं उघडी टाकून हाताने चालवा. शेजारी येतील बघायला. सकाळी फिल्टरमध्ये बुडबुडे दिसले तर जोड पुन्हा खोला. सुटा फिल्टर, चार क्लॅम्प, वीतभर नळी आणि जाळीचं नरसाळं डब्यात टाका, आणि तो डबा सीटखाली नको, मागच्या दाराशी ठेवा.